सूनबाईंची एंट्री

भिलाई शहर आणि आसपासच्या समस्त मराठी मंडळींस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, सेक्टर ६ मधील रहिवासी श्री. दिगंबर ठवरे ऊर्फ दिगूभाऊ हे आपले बिऱ्हाड आवरून सुनेच्या नोकरीनिमित्त छत्तीसगडातीलच रायगढला राहावयास गेले आहेत. सबब यापुढे प्रत्येकाने आपापले वाक्य आपापल्या जबाबदारीवर बोलावे. अडखळल्यास, विसरल्यास अथवा भलतेच बोलून गेल्यास मागून कोणीही सांगणार नाही.

हे निवेदन मी माझ्या फोटो स्टुडिओच्या दारावर खरोखर लावलं होतं. बहुतेकांनी हसून सोडून दिलं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष मात्र ते वाचून पायरीवरच बसले, कारण मंडळाचं वार्षिक नाटक तोंडावर आलं होतं आणि नायक मी होतो.

दिगूभाऊ आमचे प्रॉम्प्टर. दिवसा पोलाद प्लांटच्या टाइम ऑफिसात कारकुनी आणि संध्याकाळी मंडळाच्या तालमी, अशी त्यांची हयात गेली. विंगेत एका स्टुलावर गुडघे जुळवून बसायचे, मांडीवर नाटकाची प्रत, चष्मा नाकाच्या टोकावर. आणि आवाज? पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही आणि स्टेजवरच्या बहिऱ्यालाही चुकणार नाही, अशी ती कुजबुज. मी त्या कुजबुजीवर वीस-बावीस नाटकं तरून नेली. पाठांतर हा प्रकार मी दिगूभाऊंच्या भरवशावर कधी केलाच नाही. ते जे म्हणतील ते मी म्हणायचो, जसंच्या तसं. एकदा त्यांनी चहा आणून देणाऱ्याला त्याच आवाजात काही सांगितलं, आणि मी मरणशय्येवरच्या बापाचा हात हातात घेऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हणालो, "बाबा, यात साखर नाही." बापाचं काम रुआबांधा सेक्टरचे देशकर साहेब करत होते, प्लांटमधले बडे अधिकारी. ते मरता मरता उठून बसले. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, बाप वाचला.

पण ही कुजबुज विंगेत राहिली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो. दिगूभाऊंना गप्प झालेला माणूस बघवत नसे. कुठेही कोणी बोलता बोलता थांबला, की त्याच्या कानाशी पुढचं वाक्य हजर. सेक्टर ६ च्या बाजारात मी भेंडी घेत होतो. मागून आवाज आला, "म्हणा, काल तं स्वस्त दिली होती." मी म्हटलं. भाजीवाली क्षणभर गप्प झाली. तो पॉज दिगूभाऊंना सोसेना. माझ्या खांद्यावरून ते तिच्याकडे झुकले आणि त्याच सुरात म्हणाले, "बोल बाई, कल की भिंडी कल गई." तिनं तेच सुनावलं. मी हरलो, भेंडी पूर्ण भावानं घेतली, आणि दिगूभाऊ दोन्ही बाजूंचं काम चोख पार पडल्याच्या समाधानात सायकलवर टांग मारून निघून गेले.

मी नंतर जाब विचारला, की तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे. ते म्हणाले, "मी सीनच्या बाजूचा आहो. वाक्य पडलं तं अख्खा सीन बसते."

त्यांच्या घरी मात्र एक सीन बसलेला होता, आणि तो त्यांना फार लागायचा.

त्यांची सून रश्मी अमरावतीची, रसायनशास्त्राची एम.एस्सी. लग्न होऊन आली तेव्हा रायपूरकडच्या एका लोखंडाच्या कारखान्यात लॅबमध्ये होती. कोळशाचे आणि खनिजाचे नमुने तपासायचं काम. मग दिगूभाऊंच्या पत्नीला, कुसुमकाकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. घरात कोणीतरी थांबायला हवं होतं. कोण, यावर चर्चा झालीच नाही. आपल्याकडे ते न बोलताच ठरलेलं असतं. मुलगा प्रशांत औषध कंपनीचा प्रतिनिधी, बॅग घेऊन आठवड्यातले पाच दिवस बाहेर. रश्मीनं राजीनामा दिला. आठ वर्षं तिनं काकूंना कूस बदलून दिली, भरवलं, त्यांची वाकडी झालेली बोली सगळ्यांना समजावून सांगितली. काकू गेल्यावर तिनं पुन्हा अर्ज पाठवायला सुरुवात केली तेव्हा कोणी उत्तरच देईना. एका ठिकाणच्या माणसानं तेवढं फोनवर सांगितलं, की आठ वर्षांत मशिनं बदलली, मॅडम. रश्मीनं मनाशी ठरवून टाकलं, दिवाळीपर्यंत वाट बघायची. नाहीच जमलं तर लॅबचं नाव काढायचं नाही, इथंच वैशाली नगरात एखादी खोली घेऊन शिकवणी सुरू करायची.

दिगूभाऊ माझ्या स्टुडिओत आले ते हे सांगायला. बराच वेळ गिऱ्हाइकाच्या आरशात स्वतःकडे बघत बसले. मग म्हणाले, "विलास, आमच्या घरच्या आजारपणात हिची एंट्री चुकली. घरात प्रॉम्प्टर असून चुकली. मले हे सहन नाही होऊन राहिलं."

मी विचारलं, करायचं काय. तर त्यांनी खिशातून मोबाईल काढला. प्रशांतनं रश्मीचं खातं नोकरीपेशावाल्यांच्या सोशल मीडियावर उघडून दिलं होतं. तिथं म्हणे कंपन्यांसाठी माणसं शोधणारे लोक, ज्यांना रिक्रूटर म्हणतात, ते दिवसभर फिरत असतात. आपण नजरेत भरायचं, की ते आपल्याला हाक मारतात. दिगूभाऊंनी चार-सहा दिवस चष्मा पुसून पुसून तिथला मजकूर वाचला होता आणि त्यांचा निष्कर्ष तयार होता. "इथं सगळे एकच नाटक करून राहिले," ते म्हणाले. "कोणाले नुसतं बरं वाटतच नाही. ज्याले त्याले अत्यानंद होते, अन तो जाहीर करताना त्याचा ऊर भरून येते. अभिनय बरा आहे. पब्लिक कमी पडते."

पब्लिक! ही दिगूभाऊंची दुखरी नसही होती आणि खासियतही. मंडळाच्या नाटकाला टाळ्या पेरायची आमची जुनी रीत आहे. चौथ्या रांगेत एक, बाल्कनीत दोन, दाराजवळ एक, अशी भरवशाची माणसं बसवायची. दिगूभाऊंनी विंगेतून रुमाल हलवला की टाळी. त्यांनी तीच रीत इथं लावली. मंडळातल्या झाडून सगळ्या निवृत्त मंडळींची खाती उघडवली, आणि बजावून ठेवलं की सूनबाईंनी काही लिहिलं की लगेच खाली दाद द्यायची.

रश्मीनं साधंच लिहिलं होतं, की मी एवढी वर्षं लॅबमध्ये काम केलं आहे आणि पुन्हा कामावर यायला तयार आहे. पाच मिनिटांत खाली गर्दी उसळली. वा सूनबाई. अभिनंदन, पेढे कधी. एकीनं वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एकानं गणपतीचा फोटो टाकला, दुसऱ्यानं त्याच्या गणपतीला नमस्कार केला. देशकर साहेबांनी स्वतःच्या निरोप समारंभाचं छायाचित्र लावलं, हार गळ्यात, हातात सुटकेस. एखादा रिक्रूटर चुकून डोकावला असेलच, तर इथं बारसं चाललं आहे असं समजून तो चपला घालून निघून गेला असणार. रश्मी हसली, पण त्या हसण्याला फारसा दम नव्हता. दिवाळी जवळ येत होती.

मग दिगूभाऊंनी ठरवलं की व्हिडिओ करायचा. स्टुडिओ माझा, कॅमेरा माझा, आणि पाठीमागे माझा लाडका पडदा, ज्यावर जाडजूड पुस्तकांनी भरलेलं कपाट रंगवलेलं आहे. दोरी ओढली की तो गुंडाळत वर जातो. त्याच्या शेजारी काश्मीरचं सरोवर आणि एक संगमरवरी जिना असे आणखी दोन पडदे आहेत. मजकूर अर्थातच दिगूभाऊंचा. "रसायनांच्या सहवासात ज्या जिवाची पहाट झाली, ती मी, रश्मी ठवरे," अशी सुरुवात होती. ते कॅमेऱ्याखाली उकिडवे बसून एकेक वाक्य सांगत होते, आणि रश्मी प्रत्येक वाक्याला खाली त्यांच्याकडे बघत होती. त्यामुळे चित्रात असं दिसायचं, की ती कोणाच्या तरी पायांशी नोकरी मागते आहे. पाच-सहा वेळा केलं. प्रत्येक वेळी जिवाची पहाट झाली आणि तिथंच मावळली.

मी चहा सांगितला. रश्मीनं डब्यातून आणलेला चिवडा टेबलावर कागद पसरून त्याच्यावर ओतला, छान टोकदार ढीग झाला. मी वरची मूठ उचलली, तोंडात टाकली आणि माझ्या स्वभावाप्रमाणे विचारलं, की यंदा दाणे महागले का.

"भाऊजी, वरून कावून घेऊन राहिले?" ती एकदम म्हणाली. "दाणे मोठे, ते घरंगळून खाली कडेले जातात. कोळशाच्या ढिगाचं बी लोक हेच करतात. वरचं मूठभर उचलतात, अन सांगतात माल असा आहे म्हणून."

आणि ती उठलीच. बाह्या वर सारल्या. सगळा चिवडा नीट कालवला, परत ढीग केला, तो तळहातानं दाबून चपटा केला, माझी पट्टी घेऊन त्याचे चार भाग पाडले. समोरासमोरचे दोन ठेवले, दोन बाजूला सारले. उरलेला परत कालवला, परत चपटा, परत चार भाग. शेवटी हातभर ढिगाची ओंजळभर राहिली, आणि तिनं मला ती मोजून दाखवली, की बघा, जेवढे दाणे पूर्ण डब्यात, त्याच हिशेबानं इथं. नमुना असा घ्यायचा असतो. वरचं उचलून ट्रकच्या ट्रक नापास करतात लोक, आणि त्याहून वाईट म्हणजे पासही करतात. हे सांगताना तिचे डोळे, हात, मान, सगळं बोलत होतं. आठ वर्षांत मी तिला असं बोलताना पाहिलं नव्हतं.

कॅमेरा सुरूच होता. हे दूरदृष्टीनं झालं असं मी सर्वांना सांगतो.

संगणकावर बघताना रश्मी पोट धरून हसली आणि म्हणाली, हेच टाकू. मग तिनं सगळं पुन्हा एकदा हिंदीत केलं, कारण कारखानदारांना आमची मराठी काय कळणार. दिगूभाऊ मात्र नाराज. यात संवाद नाहीत, सुरुवात नाही, शेवट नाही, आणि मुख्य म्हणजे यात त्यांचं एकही वाक्य नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ते परत एकदा बघितलं. जाता जाता दारातून म्हणाले, "पॉज मात्र चांगले घेतले तिनं."

टाळीवाल्या मंडळींना हुकूम गेलाच होता. वा सूनबाई सुरू झालं. पण या वेळी देशकर साहेबांनी अधिकारवाणीनं लिहिलं, की आमच्या काळी आम्ही वॅगनच्या वरूनच नमुना घ्यायचो आणि कोणतीही भट्टी त्यानं मेली नाही. रश्मीनं आदरानं कळवलं, की साहेब, वॅगन वाटेत हादरते, चुरा खाली बसतो, मोठे तुकडे वर येतात, म्हणजे तुम्ही इतकी वर्षं वरचेच तुकडे तपासत होतात. झालं. देशकर साहेब पेटले. त्यांच्या बाजूनं दोन निवृत्त फोरमन उतरले, तिच्या बाजूनं एक माजी केमिस्ट. दोन दिवस ती भांडाभांडी चालली होती. साहेबांनी तिला नवशिकी म्हटलं, तिनं साहेबांना पुढच्या वेळी चिवडा घेऊन यायचं आमंत्रण दिलं. गणपतीचे फोटो बंद पडले आणि अनोळखी लोक येऊन वाचू लागले. त्यातल्या एकानं विचारलं, की पावसात भिजलेला कोळसा असेल तर काय कराल. रश्मीनं सविस्तर उत्तर दिलं. त्यानं आणखी विचारलं, तिनं आणखी सांगितलं. तो माणूस रायगढच्या एका कारखान्याच्या लॅबचा प्रमुख निघाला, राव साहेब. तिसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की आमच्याकडे जागा आहे, व्हिडिओवर मुलाखत देता का. नोकरी आपल्यामुळे लागली असं देशकर साहेब आजही ज्याला त्याला सांगतात, आणि त्यात तथ्य आहे.

हो, नोकरी लागली. हे मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही जीव मुठीत धरून वाचणार नाही. मुलाखत पाऊण तास ठरली होती ती दीड तास चालली, आणि दिवाळीच्या आधी पत्र आलं. प्रशांतनं आपला फिरतीचा भाग बदलून घेतला. घर आवरलं गेलं. दुर्ग स्टेशनवर निरोप द्यायला अख्खं मंडळ आलं होतं, आणि गाडी हलताना आमच्यातलं कोणीच काही बोलेना, तेव्हा खिडकीतून दिगूभाऊच कुजबुजले, "म्हणा, पोचल्यावर फोन करा." आम्ही सगळे एका सुरात म्हणालो. आता ते रायगढच्या कॉलनीत असतात. फोनवर कळतं, की तिथल्या हिंदी रामलीलेवाल्यांनी त्यांना पळवलं आहे.

पण मुलाखतीच्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी ही नोकरी जवळपास गेली होती, आणि ती घालवायला मी आणि दिगूभाऊ जबाबदार होतो.

मुलाखत माझ्या स्टुडिओत ठेवली, कारण घरी कुकरच्या शिट्ट्या. दिगूभाऊंनी शपथ घेतली होती की ते बाहेर पानाच्या ठेल्यावर उभे राहतील. प्रत्यक्षात ते पुस्तकांच्या कपाटामागे स्टूल टाकून बसले होते. मला ठाऊक होतं. मी स्वतः त्यांच्याशिवाय कधी स्टेजवर गेलो नाही, तिला एकटीला कसा पाठवणार?

संगणकाच्या पडद्यावर राव साहेब आणि कंपनीच्या एक बाई. कोळशाचे प्रश्न संपेपर्यंत रश्मी अशी बोलत होती की मला टाळ्या पेरायची गरज वाटेना. मग बाईंनी चष्मा वर करून कागद बघितला आणि विचारलं, की इथं आठ वर्षांचा गॅप दिसतो आहे, त्या काळात तुम्ही काय केलं.

या प्रश्नाचं उत्तर दिगूभाऊंनी इंटरनेटवरून शोधून, सजवून, तिच्याकडून घोटून घेतलं होतं. त्यात कुसुमकाकू नव्हत्या, कारण सगळे जाणकार लिहितात की घरगुती अडचणी सांगायच्या नसतात. रश्मीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ते वाक्य तिला येत होतं. तिला ते म्हणवत नव्हतं, एवढं मला बाजूला उभं राहूनही दिसत होतं. एक क्षण गेला, दुसरा गेला. आणि कपाटामागून ती कुजबुज आली. "कहो, उस दौरान मैंने अपने आपको निखारा."

राव साहेब पुढे झुकले. खोलीत आणखी कोणी आहे का, त्यांनी विचारलं. बाईंचा चेहरा बदलला. त्या शांतपणे म्हणाल्या, की कोणी उत्तरं सांगत असेल तर आम्हाला इथंच थांबावं लागेल.

मी घाबरून दोरी ओढली. काश्मीरचं सरोवर खाली सोडून दिगूभाऊंना आणखी झाकावं, असा माझा बेत होता. पण दोरी चुकली. पुस्तकांचं कपाट सरसर वर गेलं, आणि मागे स्टुलावर गुडघे जुळवून, मांडीवर कागद, चष्मा नाकाच्या टोकावर, असे दिगूभाऊ प्रकाशात आले.

मग रश्मीनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, परत कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि सरळ सांगितलं, की हे माझे सासरे आहेत.

राव साहेबांनी त्यांनाच विचारलं, की तुम्ही यांना काय सांगत होतात. दिगूभाऊ उठून उभे राहिले. कागद हातातून खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही. ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मी कॅमेऱ्यामागून जीव तोडून कुजबुजलो, की म्हणा, गलती हो गई साहब, म्हणा. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले, आणि शेजारच्या दुकानात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"साहब, वो आठ साल खाली नहीं थे. उसमें हम लोग रह रहे थे."